जक्कयचे कमिशन



रविवारच्या मिस्सानंतर आम्ही दोघे नवराबायको मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. मागच्या महिन्यात जक्कयचा धडा होता. यरीहो शहर, उंबराचे झाड, बुटका मुख्य जकातदार, सारे सांगून झाले. तेवढ्यात सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, जक्कयला कमिशन मिळत होतं काय?"

मुले हसली. आम्ही मात्र एकमेकांकडे बघितले. त्याला सांगितले की त्या काळी जकात गोळा करायचा मक्ता दिला जाई, सरकारात ठरलेली रक्कम भरली की वर उरेल ते मक्तेदाराचे. जक्कय मुख्य जकातदार, म्हणजे त्याच्या हाताखाली आणखी जकातदार असणार आणि त्यांच्या वसुलीतलाही वाटा त्याला मिळत असणार. उत्तर बरोबर होते. पण ते आम्हांला इतके चटकन कसे सुचले, हे मुलांना सांगितले नाही. ते आज इथे सांगतो.

2020 साली टाळेबंदीत आमच्या शिकवण्या बंद पडल्या. घरभाडे आणि सासूबाईंची औषधे थांबणारी नव्हती. भाच्याने आम्हांला एक छोटी वेबसाइट करून दिली. तिच्यावर आम्ही मराठीत पत्त्यांच्या खेळांचे नियम लिहू लागलो: बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, रमी. वाचक आले. मग ऑनलाइन पोकर चालवणाऱ्या एका कंपनीचे पत्र आले की आमचे भागीदार व्हा. आमची लिंक दाबून जो खेळाडू तिथे खाते उघडेल, तो कायमचा आमच्या नावावर.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात, पण टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला काप काढतो. त्याला रेक म्हणतात. त्या रेकमधले 30 टक्के आम्हांला मिळणार होते. पहिल्या महिन्यात 640 रुपये जमा झाले तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले. होय, जेवणाआधीच्या प्रार्थनेत. चौदा महिन्यांत एकूण 18,600 रुपये आले.

मग कुरबुरी सुरू झाल्या. आधी अट बदलली: दर महिन्याला तीन नवे खेळाडू आणा, नाहीतर 30 टक्क्यांचे 10 टक्के होतील, आणि तेही जुन्या खेळाडूंवरसुद्धा. मग खेळाडूंना वाटलेले बोनस आणि बँकेने परत फिरवलेले पैसे आमच्या वाट्यातून वजा होऊ लागले. ऑक्टोबर 2021 मध्ये कर्नाटकाने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. बेळगावातल्या खेळाडूंची खाती एका रात्रीत बंद झाली. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजचे खेळत राहिले. सीमा किती जवळ आहे ते आम्हांला त्या महिन्याच्या हिशेबात दिसले. त्यात आमच्या नावापुढे आकडा होता उणे 2,150. आम्हीच कंपनीला देणे लागत होतो! आणि ते उणे पुढच्या महिन्यावर चढणार होते.

आमच्या हिशेबाने आमचे 11,400 रुपये येणे होते. पत्रामागून पत्र पाठवले. उत्तर एकच यायचे: अटी वाचा. कधी नाव बदलून दुसराच माणूस तेच उत्तर पाठवायचा. रात्री झोप लागेना. गरिबाची मजुरी अडवून ठेवणाऱ्यांविषयी याकोबाच्या पत्रात काय लिहिले आहे ते आम्ही वर्गात शिकवतो. तो उतारा इंग्रजी करून कंपनीला धाडावा असेही एकदा मनात आले.

शेवटी त्यांनी खेळाडूंच्या हालचालींचा तक्ता पाठवला. नावे नव्हती, नुसते क्रमांक. जेवणे झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. एक वाचत होता, एक लिहीत होता. शेवटी 47 असलेला एक क्रमांक पुन्हा पुन्हा येत होता. रात्री 11 वाजता 500 भरले. 12 वाजता 500. पावणेदोनला 1,000. पहाटे तीनला पुन्हा 500. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. महिनाभर त्याने एकदाही पैसे काढलेले नव्हते.

"याचाच रेक जास्त आहे, याचा हिशेब नीट लाव," असे आमच्यातला एक म्हणाला, आणि लिहिणारा हात थांबला.

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. आमच्या 11,400 मधला मोठा भाग त्या माणसाच्या जागरणांचा होता. कंपनीने आमचे पैसे बुडवले ते खरे. पण तो जितका जास्त वेळ बसेल तितके आमचे 'येणे' वाढणार, आणि तो उठून झोपायला गेला तर आमचे नुकसान. अशा व्यवहाराला आम्ही जेवणाआधी आशीर्वाद मागितला होता.

तरी मन पळवाट काढतेच. आम्ही फादरांकडे गेलो आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: आमची चूक झाली खरी, पण फादर, आम्हांलाही फसवलेच ना! फादर शांतपणे म्हणाले, "कंपनी तुमची जमा आणि तिची नावे एकत्र करून उणे दाखवते, म्हणून तुम्ही रागावलात. आता तुम्ही काय करताय? तिचा अन्याय वजा करून स्वतःचा हिशेब शून्यावर आणताय. दोन खाती आहेत. वेगळी ठेवा."

ख्रिस्तसभेची शिकवण पत्त्यांच्या डावालाच पाप म्हणत नाही. माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले की ते अन्यायाचे होते, आणि खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असे ती सांगते. घेतलेले परत करण्याविषयी बोलताना ती जक्कयचेच उदाहरण देते. हे सारे आम्ही मुलांना शिकवत आलो होतो. 47 क्रमांकाच्या शेजारी ते कधी ठेवून पाहिले नव्हते.

फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने कर्नाटकाची ती बंदी रद्द केली. कंपनीचे पत्र आले की पुन्हा लिंक लावा, जुने उणे माफ करू. आम्ही लिंक लावली नाही. बदाम सात आणि मेंढीकोटाची पाने तेवढी ठेवली. 18,600 रुपये जमवायला आम्हांला दीड वर्ष लागले, थोडे थोडे करून ते पॅरिशच्या गरिबांच्या पेटीत टाकले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून देशभर असे खेळ आणि त्यांची जाहिरातही बंद केली, तेव्हा भाचा म्हणाला, "वेळेवर सुटलात, मामा." यात आमची हुशारी काही नाही. आमचे 11,400 आजतागायत आलेले नाहीत, आणि कधी कधी त्यांचा राग अजूनही येतो.

एक सल उरली आहे. जक्कयला कोणाचे चौपट परत करायचे ते माहीत होते. त्याचे कर्जदार त्याच्याच गावात, त्याच्याच रस्त्यावर होते. आमच्याकडे नुसता क्रमांक आहे. तो चंदगडचा असेल, नाहीतर आमच्याच गल्लीतला. कदाचित मिस्सात मागच्या बाकावर बसत असेल. त्याचे पैसे त्याच्या हातात ठेवणे आम्हांला कधी जमणार नाही. म्हणून श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी कर्जात बुडालेल्यांसाठी आम्ही मनात त्याला धरतो.

पुढच्या रविवारी त्या मुलाला उरलेले उत्तर देणार आहोत. होय बाळा, मिळत होतं. पण येशूने झाडाखाली उभे राहून आधी हिशेब मागितला नाही. आज तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच सांगितले. वही जक्कयने आपणहून उघडली, पाहुणा घरात आल्यावर.

प्रभो, आमच्याही घरी ये. आमचे येणे आम्हांला पाठ आहे. आमचे देणे आम्हांला दाखव. आणि ज्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही, त्याला आज रात्री शांत झोप लागू दे. आमेन.