तिसरा प्लग

रविवार. चहा झाला आणि पाना घेऊन खाली उतरलो. आठवडाभर गाडी मिसिंग करत होती. सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरायचं.

इंजिन रात्रभर गार झालेलं. गरम इंजिनाचे प्लग खोलू नयेत, आटे जातात, हे वडिलांचं शिकवणं. आधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढली, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. वायर न ओढता टोपी धरून उपसली. एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल नको.

तीन सिलिंडर, तीन प्लग. पहिल्या दोघांची टोकं फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाची. आत सगळं ठीक जळतंय. तिसरा मात्र तव्याच्या बुडासारखा काळा. बोटाला कोरडी काजळी लागली. तेलकट असती तर पोटात गोळा आला असता! फिलर गेज घातलं: पुस्तकात 0.8 मिलिमीटर, इथे 1.1ची पातीही सहज सरकली. झिजून फट वाढली, की ठिणगी चुकते.

तिन्ही नवे घातले. सुरुवातीचे आटे बोटांनीच बसवले, पाना शेवटी.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा प्रत्येक प्लग सेकंदाला 25 ठिणग्या टाकतो. त्यातली एकही आपल्याला दिसत नाही. चुकते, तेव्हाच कळते. घरातही असं कुणीतरी असतंच. वर जाऊन आईला विचारलं, ‘‘गुडघा कसा आहे गं?’’ ती दचकलीच.