ओलं लुगडं

नऊ इंचांच्या बाहुलीला पावसात भिजवायचं असेल तर पाणी सोडून बाकी सगळं लागतं.

मी स्टॉप मोशन करतो. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. सेकंदाला 12 फोटो. आमच्या ब्रह्मपुरी भागातल्या रोवणीवर फिल्म करतोय. त्यात एक आठ सेकंदांचा शॉट आहे: बाई बांधीत वाकते, परे रोवते, कंबर धरून उभी राहते. म्हणजे 96 फोटो, आणि प्रत्येकात लुगडं तेवढंच ओलं दिसायला हवं.

खरं पाणी दिव्याखाली वाळतं. शिवाय बाहुली लहान केली म्हणून थेंब लहान होत नाही. पदराला लटकलेला चार मिलिमीटरचा थेंब तिच्या मापाने बोराएवढा दिसतो.

मग ओलं कापड ओलं दिसतं कशामुळे? कोरड्या कापडात धाग्यांमध्ये हवा असते, त्यामुळे प्रकाश विखरून बराचसा परत येतो. हवेच्या जागी पाणी भरलं की प्रकाश आत शिरतो, तिथेच मुरतो. रंग गडद होतो. म्हणून चमक नंतरची गोष्ट, आधी गडदपणा. मी जुनं मलमल घेतलं, गुडघ्याखाली त्याच रंगाची गडद छटा दिली आणि वरची कड वेडीवाकडी विरत नेली, कारण पाणी कापडात सरळ रेषेत चढत नाही.

चमकेसाठी फेव्हिकॉल लावून पाहिला. वाळल्यावर लुगड्याचा पुठ्ठा झाला, बाई वाकेना. ग्लिसरीनने कापड मऊ राहिलं, पण हात लावीन तिथे बोटांचे डाग. शेवटी नळजोडणीवाले वापरतात ते पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ केलं आणि खिडक्या उघड्या ठेवून ब्रशने अगदी हलकं लावलं. वाळल्यावरही ते रबरासारखं वाकतं.

दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या अशाच एकेक चित्राने हलवल्या होत्या. काड्यांना लुगडी नव्हती, एवढं त्यांचं सुख.

आजीला चाचणी दाखवली. तिने कित्येक पावसाळे दुसऱ्यांच्या बांध्यांत मजुरीने रोवणी केली आहे. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "हे ओलं नाही बाबू, चमकून रायलं. ओलं लुगडं पायाले बिलगते. भारी होते. पाऊल उचलू देत नाही."

ती सांगत होती ते ओझं होतं, आणि ओझं ब्रशने लावता येत नाही. मग लुगडं पोटरीला बारीक टाक्यांनी धरलं. काठात पातळ तार घातली, माशांच्या जाळ्याला असतं तसलं शिसं कापून त्याचे कण शिवले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ बदलली. कोरडा काठ शरीराबरोबर उठतो. ओला मागे राहतो. म्हणून बाई उभी राहताना काठ दोन फोटो उशिरा उचलला. सेकंदाचा सहावा भाग. पण तेवढ्याने ती दमलेली दिसू लागली.

पूर्ण शॉट आजीने तीनदा पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "घरी गेल्यावर बदलाले दुसरं हाये का तिच्यापाशी?"