मी ‘नॉट’ विसरलो



इंग्रजीचे व्याकरण म्हटले की आपल्या वर्गात बरेच जण मान खाली घालतात. मीही त्यातलाच. मला वाटायचे, शब्दांचे अर्थ पाठ केले की झाले, नियम कशाला हवेत? पण मागच्या पावसाळ्यात आमच्या वावरात एक प्रसंग घडला. तो सांगतो.

पऱ्हाटीवर मावा पडला होता. बाबांनी फवारणीचे औषध आणले. बाटलीसोबत मराठीतली घडीची चिठ्ठी असते, पण ती पावसात भिजून लगदा झाली. उरली ती बाटलीवरची बारीक इंग्रजी. बाबा चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते, त्यामुळे त्यांची इंग्रजीशी गाठच पडली नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणून बाबा भरवशाने म्हणाले, “तू सातवीत हाय ना? काय लिहेल हाय, वाच बरं.”

मी ऐटीत वाचले, ‘डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड.’ स्प्रे म्हणजे फवारणे, विंड म्हणजे वारा, अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध. सारे शब्द येत होते! मी सांगून टाकले, “वाऱ्याच्या विरुद्ध फवारा.”

बाबा थांबले. म्हणाले, “अरे पोरा, वाऱ्याच्या तोंडावर कोनी फवारते काय? सारं औषध आपल्याच अंगावर येईन. पुन्हा वाच.”

पुन्हा वाचले तेव्हा दिसले. ‘नॉट’ तर दुसराच शब्द होता. आपण मराठीत ‘फवारू नका’ म्हणतो, ‘नका’ शेवटी येते. मी सवयीने शेवटाकडे पाहिले. शेवटी होता वारा!

त्या रात्री मला झोप आली नाही. वाऱ्याची गोष्ट बाबांना अनुभवाने ठाऊक होती, म्हणून निभावले. पण जे त्यांना ठाऊक नाही तिथे मी चुकलो असतो तर? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे मी ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आपल्या वडनेरवरून महामार्ग जातो. ट्रकच्या मागे काय लिहिलेले असते?” मी म्हणालो, “कीप डिस्टन्स.” “मराठीत?” “अंतर ठेवा.” गुरुजी म्हणाले, “बघ, मराठीत ‘ठेवा’ शेवटी, इंग्रजीत ‘कीप’ आधी. हुकूम असला की इंग्रजीत क्रियापद पुढे येते, आणि मनाई असली की त्याच्याही आधी ‘डू नॉट’.”

मग त्यांनी फळ्यावर लिहिले, ‘माणसाने वाघाला मारले.’ शब्द उलटवून ‘वाघाला माणसाने मारले’ म्हटले तरी मरतो वाघच, कारण आपल्याकडे ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय राखण करतात. इंग्रजीत ‘द मॅन किल्ड द टायगर’ यातले मॅन आणि टायगर अदलाबदल केले की माणूस मेला! तिथे शब्दाची जागा हीच राखण.

माझी नेहमीची दुसरी चूकही तेव्हाच कळली. आपण ‘मी जातो’, ‘तो जातो’ असे म्हणतो; जातो तोच राहतो. म्हणून मी ‘आय गो’सारखेच ‘ही गो’ लिहायचो. इंग्रजीत एकट्या ही, शी किंवा इटसाठी ‘गोज’ होते. उलट आपल्याकडे तो जातो आणि ती जाते, पण इंग्रजीत ही आणि शी दोघांनाही ‘गोज’च. म्हणजे नियम दोन्हीकडे आहेत. आपले आपण आईच्या कडेवर शिकलो, म्हणून ते नियम वाटत नाहीत.

आता बाटली आणली की मी आधी ‘डू नॉट’ शोधतो. बाटलीवरच्या चौकोनातला रंगही पाहतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. बाबाही आता विचारतात, “तुह्या नॉट कुठं हाय, ते पयले सांग.”

तर मित्रांनो, व्याकरण फक्त परीक्षेच्या मार्कांसाठी नाही. आणि पालकहो, मुलगा वाचून दाखवील तेव्हा त्याला एकदा “पुन्हा वाच” म्हणा. माझ्या बाबांनी म्हटले, म्हणून मी शिकलो.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी