टोपी आणि टिंब

उत्तरपत्रिका हाती आली तेव्हा तिला आधी वाटले, चुकून दुसऱ्या कुणाची मिळाली. पण नाव तिचेच होते. जेमतेम दीडशे शब्दांचा उतारा, त्यावर एकतीस लाल खुणा आणि वरच्या कोपऱ्यात गोल गरगरीत शून्य. १९९४ सालची ही गोष्ट. कराडजवळच्या एका खेड्यातून आलेली, बी.ए.ला पहिला वर्ग मिळवलेली ही मुलगी पुण्यात फ्रेंच घेऊन एम.ए. करत होती. वर्गात पहिलेच श्रुतलेखन झाले आणि त्यात ही गत झाली. फ्रेंचमध्ये त्याला 'दिक्ते' म्हणतात.

फ्रेंच बोलायला तिला येत होते. अडत होते ते लिहिण्यापाशी. मराठीत वेलांटी-उकाराची भानगड सोडली, तर बहुतेक जसे बोलावे तसे लिहिता येते. फ्रेंचमध्ये कान एक सांगतो आणि हाताला दुसरेच लिहावे लागते. 'पक्षी' या शब्दाच्या अनेकवचनाचा उच्चार आहे 'वाझो'. लिहायची मात्र ओ, आय, एस, ई, ए, यू, एक्स अशी सात अक्षरे, आणि त्यांतले एकही आपल्या मूळ आवाजात बोलत नाही! 'व्हेर' म्हटले की किडा, काचेचा पेला, हिरवा रंग, 'च्या दिशेने' आणि खारीची फर, असे पाच अर्थ. पाचांचे लेखन वेगळे, उच्चार एकच.

क्रियापदांची आणखी तऱ्हा. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, या चारही ठिकाणी कानाला फक्त 'पार्ल' ऐकू येते. शेवटची अक्षरे बदलतात, पण ती मुकी असतात. म्हणून दिक्ते घेताना नुसते ऐकून भागत नाही. कर्ता कोण, एक की अनेक, शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे सारे व्याकरण मनात चालू ठेवून हात चालवावा लागतो. व्याकरण कच्चे असेल तर प्रत्येक ओळीत लाल खूण ठरलेली.

सगळ्या वर्गाचे चेहरे उतरलेले पाहून बाईंनी एक गोष्ट सांगितली. १८५७ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात करमणूक म्हणून प्रॉस्पेर मेरिमे या लेखकाने एक अवघड दिक्ते घातली. सांगतात की, खुद्द सम्राटाच्या पंच्याहत्तर चुका झाल्या, सम्राज्ञीच्या बासष्ट. सर्वांत कमी, फक्त तीन चुका कुणाच्या? ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या. परदेशी माणसाच्या! वर्ग खळखळून हसला. तीही हसली, पण शून्य काही मनातून जाईना.

पुढच्या आठवड्यात भूतकाळवाचक धातुसाधितांचा पाठ निघाला. भल्याभल्या फ्रेंच माणसांना घाम फोडणारा हा नियम. 'मी सफरचंद खाल्ले' असे सरळ म्हटले तर 'खाल्ले' हे रूप तसेच राहते. पण 'जे सफरचंद मी खाल्ले' असे म्हटले, म्हणजे कर्म क्रियापदाच्या आधी आले, की रूप कर्माप्रमाणे बदलते. सफरचंद फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी एक मुकी 'ई' वाढते. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर या नियमाचा पुरस्कार केला होता.

वर्ग गोंधळला. तिला मात्र हे ओळखीचे वाटले. क्रियापद कर्माच्या मागे जाते, यात नवल ते काय? आईने भाकरी केली, भात केला, लाडू केले. आई चुलीपुढे बसून दिवसभर हेच तर बोलत असते. चौथी शिकलेली आई, व्याकरणाचे पुस्तक तिने कधी उघडले नाही, आणि या नियमात तिची उभ्या जन्मात एक चूक झालेली नाही.

आई आठवली आणि तिचा हात वहीवर थबकला.

१९८९ साली ती अकरावीसाठी पुण्याला आली, तेव्हा वसतिगृहावर आईचे पहिले आंतर्देशीय पत्र आले होते. 'तुझें पत्र पोंचलें. घरांत सर्व ठीक. काळजी करूं नकोस. चिवडा आणी गुळ पाठवला आहे.' खोलीतल्या एका मुलीने ते पाहिले आणि फिसकन हसली. ती शरमली. दिवाळीत घरी जाताना ते पत्र लाल पेनने तपासून घेऊन गेली. सतरा वर्तुळे. "आई, अगं 'आणि' ऱ्हस्व असतं. आणि ही टिंबं कशाला देतेस जागोजागी?" आई नुसती "बरं" म्हणाली. त्यानंतर घरून पत्रे येत राहिली, पण धाकट्या भावाच्या अक्षरात. पाच वर्षे झाली होती. आईने लिहिणे का सोडले, हे तिने कधी विचारले नव्हते.

त्याच सत्रात बाईंनी फ्रेंच स्वरांवरच्या छोट्या टोपीबद्दल शिकवले. 'ओपिताल' म्हणजे इस्पितळ, 'फोरे' म्हणजे जंगल. या शब्दांत पूर्वी एस होता. इंग्रजीच्या हॉस्पिटल आणि फॉरेस्टमध्ये तो अजून आहे. फ्रेंच उच्चारातून तो गळाला, आणि १७४० च्या अकादमी कोशाने त्याच्या जागी अशी टोपी घातली. म्हणजे टोपी ही हरवलेल्या आवाजाची खूण! पुढे १९९० साली फ्रान्समध्ये सुमारे दोन हजार शब्दांच्या लेखनात सुधारणा सुचवल्या गेल्या. काही शब्दांवरची टोपीही ऐच्छिक झाली, आणि त्यावरून मोठे रण माजले.

हरवलेल्या आवाजाची खूण! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईची टिंबेही तीच होती. 'आंत' वरचा अनुस्वार हा संस्कृत 'अन्तर्' मधल्या 'न्' ची आठवण होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात न उरलेले असे अनुस्वार लेखनातून गेले. आईची चौथी झाली १९५५ मध्ये. मास्तरांनी शिकवले तसेच ती इमानाने लिहीत होती. त्या टिंबांत चूक नव्हतीच.

ग्रंथालयात तिला आणखी एक गोष्ट सापडली. १६७३ साली फ्रेंच अकादमीचा कोश तयार होत असताना मेझरे या सदस्याने टिपणात नोंदवले होते की, अकादमीला जुनेच लेखन पसंत आहे, कारण त्यामुळे विद्वान माणसे ही अडाणी आणि साध्यासुध्या बायकांपासून वेगळी ओळखू येतात. ती ओळ वाचून तिने पुस्तक मिटले. लाल पेन घेऊन तिने वेगळे काय केले होते?

दिवाळीत ती घरी गेली. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. तिने आपली दिक्ते आईपुढे धरली.

"हे बघ. एकतीस चुका. शून्य मिळालं."

आईने कागद उजेडाकडे केला. "एवढं शिकून?"

"हो. आणि आई, तुझ्या पत्रातली टिंबं चुकली नव्हती. तुझ्या वेळी तसंच लिहायचे. मला ठाऊक नव्हतं."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "आणि वेलांट्या?"

"वेलांट्या चुकल्या होत्या."

आई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "आता या शून्याचं काय करणार?"

"पुन्हा लिहिणार."

जानेवारीत वसतिगृहावर निळे आंतर्देशीय आले. सहा ओळी, आईच्या अक्षरात. 'घरांत' वर टिंब होते.

आज ती स्वतः फ्रेंच शिकवते. शुद्ध लिहिण्याचा आग्रह तिने सोडलेला नाही. नियम शिकवते, चुकले तर गुणही कापते. फ्रान्समध्येही आता परिस्थिती सोपी नाही. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने पाचवीच्या मुलांना एकच दिक्ते पुन्हा पुन्हा घातली, तेव्हा १९८७ साली सरासरी १०.७ चुका झाल्या होत्या. २०२१ साली त्या १९.४ वर गेल्या. कित्येक विद्यापीठांना फ्रेंच विद्यार्थ्यांसाठीच शुद्धलेखनाचे उजळणी वर्ग घ्यावे लागतात. २०१६ साली नवे लेखन पाठ्यपुस्तकांत येणार म्हणताच टोपीवरून पुन्हा वाद पेटला. पण वही तपासताना ती आधी मुलाने काय म्हटले आहे ते वाचते, त्यावर दोन शब्द लिहिते, आणि मगच चुकांकडे वळते.

आईची पत्रे तिने एका पत्र्याच्या डब्यात जपली आहेत. सर्वांत खाली ते पहिले पत्र आहे. लाल शाई खोडता येत नाही. सतरापैकी अकरा वर्तुळांशेजारी तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे – 'बरोबर'.