फ्लॉपीच्या डब्यातलं घर

नव्वदच्या दशकात आमच्या काका-आत्यांच्या ज्या ज्या घरात कम्प्युटर आला, तिथे फ्लॉपीचा डबा आलाच. धुरकट पारदर्शक झाकणाचा, किल्लीचा. आणि किल्ली मोठ्या माणसांकडे. कम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत, मे महिन्यात त्याच्यासाठी वेगळा पंखा लागे. साडेतीन इंची फ्लॉपीची पत्र्याची झडप टकटक वाजवली की हमखास ओरडा बसायचा.

त्या १.४४ एमबीत काय काय मावलं होतं! सोसायटीचे हिशेब, ताईचा स्थळांसाठीचा बायोडेटा, काकूनं दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथा, आजोबांनी सांगितलेल्या आणि नातवंडांनी टाइप केलेल्या आठवणी. यांतलं बरंचसं कागदावर कधी उतरलंच नाही. म्हणून हे डबे भंगारात जाता कामा नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

त्यांतला मजकूर काढायला यूएसबीला लावायचा तयार ड्राइव्ह मिळतो, पण तो साडेतीन इंचीपुरताच. खराब सेक्टर आला की तो एरर देऊन मोकळा होतो. त्याऐवजी घरी जुळणी करावी. जुन्या बाजारातला मूळ ड्राइव्ह, ३४ पिनांची पट्टी केबल, जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय (सव्वापाच इंचीच्या ड्राइव्हला १२ व्होल्टही लागतात) आणि काही शे रुपयांचा ‘ब्ल्यू पिल’ बोर्ड. त्यावर कीर फ्रेझर यांचं ‘ग्रीझवीझल’ हे खुलं फर्मवेअर चढवायचं.

हा बोर्ड फाइल वाचतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. तबकडीवरच्या चुंबकत्वाची दिशा पालटली की ड्राइव्हकडून एक स्पंद येतो. बोर्ड फक्त दोन स्पंदांमधला वेळ टिपतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत ही अंतरं साधारण २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंदांची असतात, आणि सगळा मजकूर त्यांच्या क्रमात असतो. तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा ०.२ सेकंदाचा. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, प्रत्येकाचे अनेक फेरे टिपून ठेवायचे. एका फेऱ्यात निसटलेला सेक्टर दुसऱ्यात सापडू शकतो. त्यानंतरची उकल सावकाश कम्प्युटरवर करता येते. जीर्ण तबकडीला पुन्हा फिरवायला नको.

कोकणातल्या घरांतले डबे मात्र घाईनं ड्राइव्हला लावू नयेत. झडप सरकवून पांढरी बुरशी दिसते का ते आधी पाहायचं. बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटली तर ती तबकडी खरवडतेच, पुढच्या फ्लॉपीचीही धूळधाण करते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हळुवार पुसून, वाळवून, मगच आत घालायची. हेडही मधूनमधून पुसायचं. साडेतीन इंचीची लेखनबंदीची खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीची खाच उलट चिकटपट्टीनं झाकायची, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जात नाही.

फाइल उघडली की पुष्कळदा अगम्य चिन्हं दिसतात. तो बिघाड नव्हे. मजकूर सी-डॅकचं आयएसएम, श्रीलिपी किंवा आकृती अशा मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला असतो आणि त्यांच्या फाँटांची अक्षरमांडणी वेगवेगळी होती. युनिकोडमध्ये रूपांतर जरूर करावं, पण फ्लॉपीवरून टिपलेली मूळ प्रतिमा कधीही पुसू नये. रूपांतरात एखादं जोडाक्षर बिघडलं तर पडताळायला तीच लागते.

यंदा दिवाळीला सगळी भावंडं आपापले डबे घेऊन येणार आहेत. आजोबांच्या फ्लॉपी आधी घ्यायच्या, यावर कुणाचंच दुमत नाही.