सामाईक भिंत

आमच्या आणि शेजारच्या अण्णांच्या घरांत भिंत एकच. साताऱ्याच्या जुन्या पेठेतली, दीड हात जाडीची, मातीची. गेल्या आषाढात तिला पोट सुटले. पोट आमच्या बाजूला, म्हणून अण्णांच्या मते खर्च आमचा; पाणी त्यांच्या पन्हळीचे, म्हणून माझ्या मते त्यांचा. गवंड्याने एक लाख वीस हजारांचा आकडा सांगितला, आणि तीन पिढ्यांचा शेजार त्या संध्याकाळी अबोल्यावर आला.

भिंतीला कान असतात, यावर मी वर्गात तासभर बोलेन. पण भिंतीला मालक किती असतात, हे मराठीच्या प्राध्यापकाला कुठून ठाऊक असणार? वकील मित्राकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न केला, "तुळया कोणाच्या टेकल्यात?"

"दोघांच्याही."

"मग उलट पुरावा नसेल तर भिंत दोघांची आणि डागडुजीही दोघांची. तुला ती एकट्याने पाडून त्यांना उघड्यावर टाकता यायचे नाही."

कपाटातून त्याने १८८२ चा इझमेंटचा कायदा काढला. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. वीस वर्षे बिनहरकत मिळालेला भिंतीचा आधार हाही त्यात हक्क होतो. लंडनकरांना तर सामाईक भिंतींसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदाच आहे. भिंतीला हात लावण्याआधी दोन महिने लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्याकडे नोटीस भांडी घासता घासता मिळते, आणि तीही मोठ्याने.

साठ हजार वाचल्याच्या आनंदात घरी आलो. आई भिंतीला लागून खाटेवर बसली होती. म्हणाली, "चार रात्री झाल्या, माई ठोकत नाहीत रे."

माई म्हणजे अण्णांच्या मातोश्री. निजताना त्या भिंतीवर दोनदा ठोकत, इकडून आई दोनदा ठोके. एवढेच त्यांचे बोलणे.

अबोला मोडून मी विचारायला गेलो. अण्णा दारातच म्हणाले, "भिंतीचा भरवसा नाही. आईची खाट मागच्या खोलीत नेली, त्याच दिवशी."

मी चार दिवस कायदा शोधत होतो. पोट आमच्या बाजूला होते, आणि आईची खाट त्याच्याखाली.

ती हलवायला अण्णाच आले. निम्मे-निम्मे ठरले. गिलाव्याचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यावेत, यावर ते अडले ते अडलेच!

दसऱ्याला नवी भिंत उभी राहिली, विटा-सिमेंटची. खाटा जागेवर आल्या. आईने ठोकून पाहिले. पलीकडे ऐकू जाईना. आता ती उलथन्याने ठोकते.