पासवर्ड सेव्ह करायचा नाही

आमचं करसल्लागाराचं कार्यालय उमरग्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गाच्या जवळच आहे. मुरूम, गुंजोटी, येणेगूर, नारंगवाडी, तुरोरी इकडचे कृषी सेवा केंद्रवाले, हार्डवेअरवाले, डाळमिलवाले आणि गुत्तेदार आमच्या पार्ट्या. 11 तारखेला जीएसटीआर-वन, 20 तारखेला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्नं, आणि मधल्या दिवसांत मालवाहतुकीची ई-वे बिलं. कर्नाटकची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. राज्यातल्या राज्यात 1 लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, पण हद्द ओलांडायची तर 50 हजारांच्या वर लागतंच. त्यामुळं बसवकल्याणला किंवा हुमनाबादला निघालेली सळईची गाडी भरून उभी असते आणि दुकानदार फोनवर विचारतो, “काढलाव का बिल?”

एका संगणकावर दिवसभरात वीसपंचवीस पार्ट्यांचे लॉगिन होतात. प्रत्येक वेळी ब्राउझर विचारतो, पासवर्ड सेव्ह करू का? गाडी उभी असताना, एखादे अण्णा समोर बसलेले असताना, माणूस ‘हो’ दाबून पुढं जातो. अशानं काही वर्षांत आमच्या कार्यालयातल्या सगळ्या संगणकांत मिळून निम्म्या तालुक्याच्या व्यापाराचे पासवर्ड साठले होते. युजरनेमच्या चौकटीत कर्सर नेला की खाली नावांची यादी उलगडायची. समोर खुर्चीत बसलेल्या माणसालाही ती दिसायची. गुंजोटीच्या एका हार्डवेअरवाल्या अण्णांनी एकदा त्या यादीत आपल्याच पेठेतल्या दुसऱ्या दुकानाचं नाव वाचलं आणि म्हणाले, “समद्यांच्या चाव्या हितंच टांगून ठिवलाव की ओ.” वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण त्यांच्या तोंडावरचा भाव सहज नव्हता.

तरी काही बदललं नाही. बदललं ते एका फोनमुळं.

आमच्याकडं बी.कॉम. करता करता काम शिकलेला एक मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता. जाऊन बरेच महिने झाले होते. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. “सर, एक सांगायचं होतं. इथल्या कंपनीच्या कामासाठी मोबाइलवर जीएसटीचं पोर्टल उघडलो, तर खाली आपल्या पार्ट्यांची नावं यायलीत. दाबलं की पासवर्डसकट भरायलंय. मी काही केलं नाही सर, पण तुम्हाला सांगावं वाटलं.”

काय झालं होतं ते पाच मिनिटांत कळलं. कार्यालयातल्या संगणकावर तो आपलं जीमेल बघायचा. त्या निमित्तानं क्रोममध्येच त्याच्या खात्यानं साइन इन झालं होतं आणि सिंक चालू होतं. त्यानं काम करताना सेव्ह झालेला प्रत्येक पासवर्ड संगणकात राहिलाच, शिवाय त्याच्या खासगी गुगल खात्यात जाऊन बसला. तो उमरगा सोडून गेला, नवा फोन घेतला, त्याच खात्यानं चालू केला, आणि आमच्या पार्ट्या त्याच्या खिशात पुण्याला पोचल्या. पोरगा सरळ होता म्हणून फोन आला. फोन आला नसता तर आम्हाला हे कधीच कळलं नसतं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही ती या विचारानं.

हे फक्त लहान कार्यालयांत घडतं असंही नाही. दुसऱ्यांची लॉगिनं सांभाळणं हाच जिचा धंदा आहे त्या ऑक्टा कंपनीत 2023 साली हेच घडलं. एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये आपल्या खासगी गुगल खात्यानं साइन इन केलं होतं. कंपनीच्या एका अंतर्गत खात्याचा पासवर्ड तिथं सेव्ह झाला, आणि चोर मदतकेंद्राच्या यंत्रणेत शिरले. 134 ग्राहकांच्या फायलींपर्यंत ते पोचल्याचं कंपनीनं नोव्हेंबरात स्वतः जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी सिस्कोमध्येही चोरांची पहिली पायरी हीच होती: कर्मचाऱ्याच्या खासगी गुगल खात्यात सिंक झालेले पासवर्ड.

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांपुढं बसलो. कार्यालय त्यांचं. (करसल्लागाराला आमच्याकडं वकीलसाहेबच म्हणतात.) त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: “रिटर्न भरायला ओटीपी पार्टीच्या मोबाइलवर जातो. ई-वे बिलालाही 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांनाच ओटीपीची सक्ती जाहीर झालेली. मग नुसत्या पासवर्डानं कोण काय वाकडं करणार?”

मी म्हटलं, साहेब, वाकडं करायची गरजच नाही, बघितलं तरी पुरे. जीएसटीच्या पोर्टलवर आत गेलं की कुणी कुणाकडून माल घेतला, कोणत्या तारखेला, किती रकमेचा, कुणाला विकला, सगळं बिलागणिक दिसतं. उमरग्यासारख्या गावात धंद्याचं गुपित म्हणतात ते हेच. सख्ख्या भावाला न सांगितलेली उलाढाल माणूस आपल्या भरवशावर आपल्याकडं ठेवतो. ती त्याच्या शेजारच्या दुकानदाराला दिसली, तर कायद्यानं काय होईल ते नंतर. आधी आपल्या दारात कुणी येणार नाही.

“पण उमरग्यात कोण यायलंय हॅक करायला?” हा त्यांचा दुसरा प्रश्न. याचं उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला, कारण चोर म्हणजे आपल्याला निवडून, शोधून येणारा माणूस असं आपल्या डोक्यात असतं. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम गाव विचारत नाहीत. कुणी तरी फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवून घेतं, ‘बिल जोडले आहे’ अशा मेलमधली फाइल उघडतं, त्यासोबत ते येतात. क्रोम पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरं, पण विंडोजमध्ये तुम्ही लॉगिन केलेलं असलं की ते कुलूप तुमच्या नावानं उघडतं, आणि तुमच्या नावानं चालणारा चोर-प्रोग्रामही तेच मागून घेतो. गुगलनं जुलै 2024 मध्ये क्रोमच्या 127व्या आवृत्तीपासून हे कुलूप टप्प्याटप्प्यानं घट्ट करायला सुरुवात केली. चोरांनी काही महिन्यांत त्यालाही वाट काढली. ‘लुमा’ नावाच्या अशा एकाच प्रोग्रामनं 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत जगभरातले 3 लाख 94 हजारांवर विंडोज संगणक ग्रासले होते, असं मायक्रोसॉफ्टनं त्याविरुद्धच्या कारवाईच्या वेळी सांगितलं. त्या संगणकांत आपल्यासारख्या गावांतले नसतील असं समजायला काहीच आधार नाही.

आणि चोर-प्रोग्राम तरी कशाला हवा? मी साहेबांच्याच संगणकावर क्रोमचं सेटिंग उघडलं, एका पार्टीच्या नावापुढचा डोळा दाबला. विंडोजला पासवर्ड ठेवलेला नव्हता, त्यामुळं काहीही न विचारता पासवर्ड उघडा पडला: दुकानाचं नाव, ॲटचं चिन्ह, 123. पुढच्या पार्टीचंही तसंच. त्याच्या पुढच्याचंही. सगळे पासवर्ड एका फाइलीत उतरवून घ्यायची सोयही तिथंच आहे. चहा येईपर्यंत काम होतं.

साहेब काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “बंद करा.”

बंद करणं हे खरं तर या सगळ्यातलं सोपं काम. आमच्या संगणकांवर विंडोजची होम आवृत्ती, तिच्यात ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, म्हणून रजिस्ट्रीत जाऊन क्रोमच्या आणि एजच्या पॉलिसीत ‘पासवर्ड मॅनेजर एनेबल्ड’ ही नोंद शून्य केली. फायरफॉक्सला त्याच नावाची नोंद एका छोट्या पॉलिसी-फाइलीतून दिली. क्रोममध्ये साइन इन करायची सोयही काढून टाकली. माझ्या मते पासवर्ड सेव्ह बंद करण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक जण तेच विसरतात. दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयातल्या ताईंनी घाबरून हाक मारली, “सर, व्हायरस लागलाय बघा, ब्राउझर कुणीतरी दुसरंच चालवायलंय!” मेनूत खाली ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ आली होती. ती संस्था म्हणजे आपणच, हे समजावून सांगितलं.

मात्र या नोंदीनं नवे पासवर्ड साठायचे थांबतात, जुने तिथंच राहतात आणि निमूट भरलेही जातात. ते हातानं पुसावे लागतात. पुसण्यातही क्रम आहे. सिंक चालू असताना पुसले तर त्या माणसाच्या खात्यातूनही जातात, त्यात त्याचे स्वतःचे, घरचे पासवर्ड असतात. म्हणून आधी प्रत्येकाला साइन आउट करायला लावलं, मग संगणकावरचे पुसले, आणि आमच्या पार्ट्यांचे पासवर्ड ज्यानं त्यानं आपापल्या खात्यातून माझ्यासमोर काढले. पुण्याच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर एकेक नाव वाचून काढलं.

एवढं करूनही बाहेर गेलेला पासवर्ड बाहेर गेलेलाच असतो. तो बदलावा लागतो. खरे कष्ट इथं पडले. जुना पासवर्ड चालत होता तिथं बसल्या जागी बदलता आला. जिथं नव्हता तिथं ‘पासवर्ड विसरलो’ दाबायचं, ओटीपी नोंदणीच्या मोबाइलवर. तो मोबाइल कुणाचा? नोंदणी 2017 सालची. कुणाचा नंबर पुण्यात असलेल्या स्वतःच्या मुलाचा, कुणाचा सोडून गेलेल्या मुनीमाचा, एकाचा तर वारलेल्या वडिलांचा. प्रत्येकाला फोन करून सांगायचं की तुमचा पासवर्ड बदलतोय, आणि का बदलतोय हेही सांगायचं. साहेबांनी इथं एक गोष्ट केली जी मला फार मोठी वाटते: काय घडलं ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. काही जण चिडले. एका अप्पांनी कागद मागून घेतले आणि दुसरीकडं गेले.

दरम्यान कार्यालयात वेगळीच अडचण उभी राहिली. ब्राउझर लक्षात ठेवीना, मग पासवर्ड कुठं ठेवायचे? आठवडाभरात कीबोर्डखाली चिठ्ठ्या आल्या, कालनिर्णयच्या मागच्या पानावर नावं आली, कुणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलं. कर्मचाऱ्यांचं यात चुकलं असं मी म्हणणार नाही. शेकडो पासवर्ड डोक्यात ठेवायला सांगणं हाच अन्याय आहे. दार बंद करणाऱ्यानं दुसरं दार दाखवलंच पाहिजे.

आम्ही ‘कीपास’ घेतलं. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, सगळे पासवर्ड कुलूपबंद अशा एका फाइलीत राहतात. ज्याच्याकडं ज्या पार्ट्या, त्याच्या फाइलीत तेवढ्याच. सगळ्यांची मिळून एक प्रत साहेबांकडं. फाइल उघडायचा मुख्य पासवर्ड म्हणजे कुणालाही न सुचणारे चार-पाच मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत. पासवर्ड कीपासनंच तयार करायचे, म्हणजे दुकानाचं नाव आणि 123 संपलं. क्रोममधले जुने पासवर्ड पुसण्याआधी त्यांची जी फाइल काढून घेतली होती आणि जिच्यातून ते कीपासमध्ये आणले, ती साध्या अक्षरांत असते, कुणीही वाचावी अशी. ती डाउनलोडच्या फोल्डरात आणि रिसायकल बिनमध्ये पडून राहिली तर केलेलं सगळं पाण्यात जातं. ती मी स्वतः प्रत्येक संगणकावरून शोधून काढली.

यात आम्ही काही गमावलंही, ते लपवण्यात अर्थ नाही. ब्राउझर खऱ्या पत्त्यावरच पासवर्ड भरतो. हुबेहूब दिसणाऱ्या नकली पोर्टलवर भरत नाही. हे मोठं संरक्षण होतं. कीपास खिडकीचं नाव बघून टाइप करतं, त्याला पत्त्यातली फसवणूक आपोआप कळत नाही. म्हणून पोर्टलं गुगलमध्ये शोधून उघडायची नाहीत, वरच्या पट्टीतल्या बुकमार्कवरूनच उघडायची, असा नियम केला. घरी, स्वतःच्या एकट्याच्या फोनवर कुणी ब्राउझरमध्ये पासवर्ड ठेवत असेल तर मी त्याला अडवत नाही. तिथं पासवर्ड त्याचा आणि जोखीमही त्याची. आमच्याकडं पासवर्ड दुसऱ्याचा असतो.

20 तारखेच्या गर्दीत पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. एकेका लॉगिनला थोडा जास्त वेळ जातो, तो नाकारता येत नाही. दुसऱ्या महिन्यात ताईंनीच एका नव्या मुलाला बटणं एकत्र दाबून कीपासची यादी कशी आणायची ते शिकवताना मी ऐकलं.

2025च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनीची बातमी आली. दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, आणि त्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून जन्माच्या 27 हजारांवर नोंदी. ती बातमी वाचून आमच्या एका पार्टीचे भाऊ, शाळेत लिपिक आहेत ते, कार्यालयात आले. त्यांच्या शाळेत शालार्थचे पगार, यू-डायस, शिष्यवृत्ती असं सगळं एकाच संगणकावर चालतं आणि त्याला हात सगळ्यांचा लागतो. “आमच्याकडं बी बघता का?” म्हणाले. येत्या रविवारी जायचं ठरलंय. त्यांना एवढंच सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत काही पुसू नका. आधी त्या क्रोममध्ये कुणाकुणाचं जीमेल चालू आहे ते कागदावर लिहून ठेवा, आणि त्यातले किती जण बदली होऊन गेलेत तेही.